भोंगा आणि ब्लास्टिंग

अंगणवाडीच्या बाईंनी दारातून विचारलं, "बोलतो का?" आणि मी म्हणालो, "बोलतो ना. कोणाले भितो काय?"

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण चक्कीचा पट्टा चढवता चढवता मी पुढेही बोललो. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवरून कसा बोललो, खाणीच्या साहेबाला घराच्या भिंतीला गेलेल्या चिरा दाखवताना कसा बोललो, इतकंच काय, पोराच्या लग्नात व्याह्यांसमोर मानपानावरून कसा बोललो, तेही सांगितलं. बाई उन्हात छत्री धरून उभ्या होत्या. माझं आटोपलं तेव्हा म्हणाल्या, "तुमचं नाई जी भाऊ. नातू बोलतो का, ते विचारून राह्यली मी."

आपल्या भाषेची ही एक खोड आहे. मी बोलतो, तोही बोलतो. कर्ता गाळला की वाक्य कोणीही स्वतःच्या अंगावर घ्यावं. घेणारा नेमका मीच निघतो, हा भाग वेगळा. आतून सुनेच्या खोकल्याचा आवाज आला. तिला हसू दाबायचं असलं की खोकला येतो.

नातू ओट्यावर पत्र्याच्या डब्यात पीठ भरत होता. तिसरं वर्ष सरत आलेलं, अंगानं गुटगुटीत, डोळे माझ्या बायकोचे. म्हणजे सगळं पाहणारे आणि काही न सांगणारे.

"बोलेल," मी म्हणालो. "आमच्या घराण्यात पोरं उशिराच बोलतात. मी पण उशिराच बोललो."

"मंग आता भरपाई करून राह्यले वाट्टे," बाई म्हणाल्या आणि नातवाजवळ जाऊन बसल्या. त्यांनी पिशवीतून एक खुळखुळा काढला, त्याच्या पाठीमागे वाजवला. नातू पीठ भरत राहिला. बाईंनी खुळखुळा पिशवीत ठेवला, मोबाईलवर त्याचा फोटो काढला, सुनेला बाजूला घेऊन काहीतरी कुजबुजल्या आणि गेल्या.

माझ्या डोक्यात तिथूनच शंकेचा किडा शिरला.

आमचं गाव भद्रावतीच्या पलीकडे, खुल्या कोळसा खाणीला लागून आहे. पोरगा बाहेरगावी कामाला, घरात आम्ही दोघं, सून आणि नातू. माझी चक्की घराच्या ओसरीतच. गहू, ज्वारी, तांदळाचं पीठ, मिरची, हळद, जे येईल ते दळतो. चक्की सुरू झाली की घरात कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, म्हणून आमच्या घराला हातानं बोलायची सवय आहे. पाच बोटं तोंडाशी नेली की जेवायला या. तळहात गालाला लावला की झोपा. बोट गोल फिरवलं की सुरू करा. कपाळावर हात मारला की पाहुणे आले, आणि तेही माझ्याकडचे. हे सगळं नातवाला येत होतं. दुरून बोटं तोंडाशी नेली की पळत यायचा. असं पोर अडाणी कसं असेल? मी गिऱ्हाइकांना सांगायचो, "बोलत नाई, पण समजते त्याले सारं." गिऱ्हाईकही मान डोलवायचं. ज्याला दळण लवकर पाहिजे असतं तो मान डोलवतोच.

बाई पुन्हा आल्या. मग पुन्हा. घरी येऊन लहान पोरांच्या आईबापांना सांगायचं, त्याच्याशी बोला, गाणी म्हणा, टाळ्या वाजवून खेळा, हे त्यांचं कामच होतं, पण आमच्याच घरी इतकं का? शेजारी दोन घरं सोडून त्याच्याच वयाची पोरं आहेत. शिवाय या बाईंचा मागचा अनुभव काही चांगला नव्हता. शेजारच्या पोरीचं वजन त्यांनी इतकं कमी सांगितलं होतं, की तिच्या आजीनं रडून गाव गोळा केलं. मग कळलं की वजनाचा काटाच बिघडलेला. बाईंनी तेव्हा हात जोडून माफी मागितली होती, हे खरं. पण ज्यांचा काटा एकदा चुकला त्यांचा खुळखुळा कशावरून बरोबर?

दळण घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या शंकेला खतपाणी घातलं. "तुह्या नातवाचा फोटो नेला म्हणे त्या बाईनं. कुठी पाठवते मालूम हाय का? एकदा वर नाव गेलं का पोराले शिक्का बसते. मंग शाळेत शिक्का, लग्नात शिक्का."

"लग्नाले टाइम हाय," मी हसत म्हणालो. पण त्या दिवशी त्याची ज्वारी मी जाड दळली. लक्षच नव्हतं.

दुसरा संशय घरातच निघाला. चक्कीच्या जाळीतून परसबाग दिसते. एका सकाळी पाहतो तर सून नातवाच्या पाठीमागे उभी, हातात स्टीलच्या डब्याचं झाकण आणि उलथणं. इकडेतिकडे पाहिलं आणि झाकणावर ठाणकन मारलं. मग थोडी मागे सरकली, पुन्हा मारलं. नातू मातीत रेघा ओढत होता. सुनेनं झाकण पदराखाली लपवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

मी बायकोला गाठलं. "सून काहीतरी करून राह्यली."

"काय?"

"झाकण वाजवते. पोराच्या मागं. लपून."

बायको शेंगा सोलत होती. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "तुमची चक्की कमी हाय का घरात, आणखी तिनं वाजवलं त काय बिघडलं?"

"त्या बाईनं शिकवलं असन. माहेरी कोणी असं होतं का तिच्या? आमच्या इथी त कोणी नाई."

बायकोचे हात थांबले. मग पुन्हा शेंगा सोलू लागली. तिच्या थांबण्याचा अर्थ काढायला मी अजूनही शिकलेलो नाही, आणि आता या वयात शिकवणी लावता येत नाही.

मी माझ्या परीनं उपाय सुरू केला. वेखंड उगाळून नातवाच्या जिभेला लावलं. त्यानं तोंड वाकडं केलं, थुंकला, आणि रागानं कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे पाहुणे आले, माझ्याकडचे. मी बायकोला म्हणालो, "पाह्य, बोलला ना." ती म्हणाली, "हो, तुमच्याबद्दल."

एक दिवस बाई आल्या आणि थेट म्हणाल्या, "भाऊ, पोराले एकदा चंद्रपूरले नेऊन कान तपासून घ्या. मले शंका येते का त्याले ऐकू येत नाई."

आता शंका घेणं हा माझा प्रांत. दुसऱ्यानं घेतली की मला राग येतो. "ऐकू येत नाई? बाई, ब्लास्टिंग झालं का हा पोरगा उठून आजीच्या मांडीत जाऊन बसते. रोज. ऐकू येत नसन त काऊन जाईन?"

बाई गोंधळल्या. "पाह्यलं नाई मी तसं. जाते का खरंच?"

"दुपारी ब्लास्टिंगच्या टाइमाले या. डोळ्यानं पाहा. आन मंग आमच्या घरचा नाद सोडा."

खाणीत सुरुंग उडवायच्या आधी भोंगा वाजतो. गाव त्यावर दिवस चालवतं. भोंगा झाला की बाया फळीवरची काचेची भांडी आत सरकवतात, म्हाताऱ्या भिंतीपासून दूर बसतात. मग थोडा वेळ शांत, आणि मग जमीन हलते. आमच्याकडे म्हणतात, ब्लास्टिंग आधी पायाले कळते, मंग कानाले.

दुपारी बाई आल्या. न्याय व्हावा म्हणून मी चक्की बंद ठेवली, दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. बाई बाकावर बसल्या, मी त्यांच्या शेजारी अंतर ठेवून. बायको उंबऱ्यात. सून चौकटीला धरून उभी. नातू अंगणात आमच्याकडे पाठ करून डब्यात माती भरत होता. मला खटला आधीच जिंकल्यासारखं वाटत होतं, म्हणून मी बाईंसाठी चहाही सांगितला होता.

भोंगा वाजला. त्याचा आवाज खालून वर चढत जातो आणि बराच वेळ वरच राहतो. गावातली कुत्री त्यात गळा मिसळतात. कोंबड्या परसात पळाल्या. बाईंनी एका कानावर पदर दाबला. सुनेनं डोळे मिटले. भोंगा विरला, कुत्री गप्प झाली. शांतता झाली.

मग बाक माझ्या मांडीखाली थरथरला, फळीवरच्या गंज-पातेल्यांची झाकणं वाजली आणि धडाम्म आवाज आला. नातवानं डबा टाकला, उठला आणि धावत आजीच्या मांडीत घुसला.

"पाहा," मी म्हणालो.

बाईंचं तोंड उतरलं. त्या काही बोलणार, तेवढ्यात सून म्हणाली, "मामाजी, भोंगा?"

"भोंग्याचं काय?"

"भोंगा वाजला तवा काऊन नाई पाह्यलं त्यानं?"

"त्याची सवय झाली त्याले. रोजच वाजते."

"ब्लास्टिंग पण रोजच होते. त्याची काऊन नाई झाली?"

सून माझ्याशी कधी इतकं लांब बोलत नाही. आज थांबली नाही. "कुत्रे भुंकले, कोंबड्या पळाल्या. ह्यानं मान बी नाई वर केली. जमीन हलली तवाच उठला. मी किती दिवस झाले पाहून राह्यली. झाकण वाजवलं, भांडं वाजवलं, नाव घेऊन बलावलं. पायाखाली हाललं तरच वळून पाह्यते तो."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

बायको नातवाच्या केसांतली माती झाडत म्हणाली, "कोणाले सांगन? तिच्या माहेरी कोण कोण कसं हाय ते इचारत होते ना तुम्ही?"

बाई उठल्या. चहा तसाच होता. त्या म्हणाल्या, "भाऊ, माही शंका चुकली त मले सर्वात जास्त आनंद होईन. पण तपासून घ्या. बोलायचं वय हेच हाय, निघून गेलं का मंग कठीण जाते." आणि छत्री उघडून गेल्या. त्या चुकाव्यात असं मला मनापासून वाटत होतं. त्यांचा काटा चुकला होता, खुळखुळाही चुकू शकतो.

संध्याकाळी घर स्वयंपाकात असताना मी स्वतःच परीक्षा घ्यायची ठरवली. चपला काढल्या. सिमेंटच्या ओट्यावर पाय न वाजवता नातवाच्या मागे गेलो. हळू हाक मारली. मग मोठ्यानं. मग ग्रामसभेतल्या आवाजात. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला थांबला आणि "काय झालं जी?" म्हणाला. मी टाळी वाजवली, दोन्ही हातांनी, जोर लावून. नातू दाणे वेचत होता. मग मी थोडा पुढे झुकलो आणि माझी सावली त्याच्या हातावर पडली. तो वळला आणि मला पाहून इतका खूश झाला, की दोन्ही हात वर करून उचलायला सांगू लागला.

उचलला. आणि त्याला कडेवर घेऊन मी चक्कीचं बटण दाबलं. आत दळण नव्हतं. रिकामी चक्की चालवू नये, दगड दगडाला खातो, हे मी चार गावांना सांगत आलोय. तरी ती चालू ठेवून उभा राहिलो. थोड्या वेळानं बायको आली, बटण बंद केलं, नातवाला माझ्याकडून घेतलं आणि आत गेली.

चंद्रपूरला जायचा दिवस ठरला. बाईंनी सांगितलं होतं, तपासणी झोपेत करतात, म्हणून पोराला पहाटेच उठवा आणि वाटेत अजिबात झोपू देऊ नका. एसटीत त्याला जागं ठेवायची जबाबदारी मी घेतली. सून आणि बायको मागच्या सीटवर, मी आणि नातू पुढे. मी त्याला खिडकीतून कोळशाचे ट्रक दाखवले, गालांचे फुगे केले, गुदगुल्या केल्या. मग जाग आली तेव्हा चंद्रपूरच्या किल्ल्याचा दरवाजा समोर होता आणि नातू दोन्ही मुठींनी माझ्या मिशा ओढत होता. मागून बायको म्हणाली, "जागाच हाय तो. त्यानं तुमाले झोपू देलं, हे त्याचे उपकार."

दवाखान्यातही मी सगळ्याकडे तिरक्या नजरेनं पाहत होतो. ओळीत बसलेली सगळी पोरं मला आमच्यापेक्षा जास्त आजारी वाटत होती, त्यावरून आम्ही चुकून इथे आलोय असं अनुमानही मी काढलं. तपासणाऱ्या मुलीनं सुनेच्या मांडीवर झोपलेल्या नातवाच्या डोक्याला तारा लावल्या. पडद्यावर रेघा हलत होत्या. त्या रेघांचा मला काही उलगडा होत नव्हता, पण मी हातांची घडी घालून असा उभा होतो, की एखादी रेघ चुकली तर लगेच धरीन.

तपासणी संपल्यावर ती म्हणाली, "दोन्ही कानांनी खूप कमी ऐकू येतंय. अगदीच नाही असं नाही. मशीन लावावं लागेल, आणि मशीन लावून भागत नाही, शिकवावं लागेल. रोज. तुम्हा सगळ्यांना."

सुनेनं विचारलं, "माह्यामुळं झालं का?"

"ताई, कोणामुळे असं नसतं. बऱ्याचदा कारण कळतही नाही."

सुनेनं मान हलवली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी बोलायला तोंड उघडलं आणि काय निघालं तर, "तुमचं मशीन बरोबर हाय ना? का जो येते त्याले कमीच दाखवते?"

ती मुलगी रागावली नाही. बहुतेक रोज कोणीतरी असं विचारत असावं. "काका, बाहेर कोणी नाहीये आता. या, तुमचाही कान तपासते. मोठ्या माणसाला झोपावं लागत नाही." मला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर जाड टोपण चढवलं आणि सांगितलं, बीप ऐकू आलं की बोट वर करा. मी सावध बसलो. बीप आलं की बोट वर. काचेतून बायको आणि सून दिसत होत्या. बराच वेळ काही आलंच नाही, तेव्हा माझी खात्री पटली की मशीन बिघडलेलं आहे. बाहेर आलो तर ती म्हणाली, "काका, तुम्हालाही कमी ऐकू येतंय. बारीक आवाज तुम्हाला येत नाहीत. चक्की आहे का घरी?"

बायकोनं पदर तोंडाला लावला. सुनेला खोकला आला. कित्येक दिवसांनी आला.

मशीन मिळायला वेळ लागला. दरम्यान बाई येत राहिल्या. आता मीच त्यांना बाकावर बसवून विचारायचो, आणि त्या मला कामाला लावायच्या. पोराच्या समोर बसून बोला, तोंड दिसू द्या, मिशा कापा. मिशा कापा म्हटल्यावर माझा संशय पुन्हा जागा झाला, की हे नक्की बायकोनं सांगायला लावलं असणार. पण ओठ दिसले पाहिजेत म्हणे. कापल्या. गावात दोन दिवस कोणी ओळख दिली नाही. चक्कीही मागच्या गोठ्यात हलवली.

मग ती दोन छोटी मशीनं कानामागे बसली. नातवानं पहिल्या दिवशी ती उपटून डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी रडला. कुकरची शिट्टी झाली तेव्हा तो सुनेच्या साडीत असा शिरला, की तिलाही रडू आलं. मी लांबून पाहत होतो. या एवढ्याशा वस्तूवर विसंबायचं, हे काही मला पटत नव्हतं.

बऱ्याच दिवसांनी, एका संध्याकाळी, मी ओट्यावर बसून माझं नेहमीचं सुरू केलं होतं. मशीन सरकारी आहे, किती टिकते पाहू, बॅटरी खरीच भरलेली आहे का कोण जाणे, त्या बाईचं त काय, तिचा त काटाच बिघडलेला होता, आन त्या म्हाताऱ्यानं पुन्हा विषय काढला त त्याले असा हाणीन, असा हाणीन. नातू माझ्या मागे, जरा दूर, माझ्याकडे पाठ करून खेळत होता. माझं बोलणं चढलं तसा तो थांबला, वळला आणि माझ्या तोंडाकडे टक लावून पाहू लागला. सावली पडली नव्हती. ओटा हलला नव्हता.

मी बोलायचा थांबलो. उंबऱ्यातून बायको पाहत होती. ती म्हणाली, "आता जरा जपून बोलत जा जी. तुमचा एक शब्द त्याच्या कानावर गेला नाई, म्हणून त तो इतके दिवस तुमच्या मागं मागं फिरत होता."